पावाचं माहेरचं नाव

इंग्लंडच्या उत्तरेला, आमच्या बोल्टनमध्ये गोल पावाला बार्म म्हणतात. ओल्डहॅमची माणसं त्यालाच मफिन म्हणतात, कॉव्हेंट्रीची बॅच, आणि तिकडे खाली इल्किस्टनला तो होतो कॉब. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, आमच्याकडे एक डोंगर ओलांडला की पाव बदलतो. पीठ तेच, भट्टी तशीच, पण नाव चुकलं की माणूस परका. मी जन्मभर पाव विकले, मला विचारा.

उना लग्न होऊन इल्किस्टनहून आली तेव्हा मी तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे एन्टविसलांच्या बेकरीत काउंटरला होते. तिचा नवरा क्लिफर्ड भट्टीवर. पहिल्याच शनिवारी तिने गिऱ्हाइकाला विचारलं, "कॉब किती देऊ?"

गिऱ्हाईक होती मिसेस प्रेस्कॉट. जिभेला हाड नाही असली बाई. म्हणाली, "कॉब? ते काय असतं गं? खायचं की अंगाला लावायचं?" रांगेतल्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. उना लाल झाली, पण पाव मात्र मोजून दिले.

त्यानंतर तिने तो शब्द दुकानात उच्चारला नाही. आधी बार्म आला, मग आमचे हेल आले, आमच्या शिव्यासुद्धा आल्या. दोन वर्षांत ती आमच्याहून जास्त बोल्टनची झाली. सासरे जो येईल त्याला सांगायचे, "पोरगी मुरली बरं का." मुरली खरी, पण इतकं मुरायची काही गरज नव्हती, असं मला तेव्हाही वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात तिची आई आठवडाभर राहायला आली. मिसेस हॉलिस. विधवा, लेसच्या कारखान्यात काम करणारी, अंगाने एवढीशी. लेकीचं दुकान बघून बाईला काय करू नि काय नको झालेलं. शुक्रवारी दुपारी सूतगिरणी सुटली, दुकान भरलं, आणि म्हातारी मजेमजेत रांगेत येऊन उभी राहिली. नंबर आल्यावर ऐटीत म्हणाली, "दोन कॉब दे गं पोरी, चीज घालून."

कोणीतरी हसलं. पण पहिला टोमणा दुसऱ्या कोणाचा नव्हता, उनाचाच होता. "आई, आता माणसांत आलीयस ना, मग माणसांसारखं बोल. बार्म म्हणतात त्याला. म्हण बघू, बार्म."

सगळं दुकान खदखदून हसलं. म्हातारीही हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "दोन बार्म दे," ती हळूच म्हणाली आणि पैसे काउंटरवर ठेवले. लेकीच्या दुकानात, पैसे! उनाने ते उचलून गल्ल्यात टाकले आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मांजर शेजारणीकडे ठेवलंय, असं सांगून दुसऱ्या दिवशी आई परत गेली. पुन्हा कधी आली नाही.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. उना वर्षातून एकदा माहेरी जायची, आई चहा करायची, केक कापायची. एकदा भट्टी थंड झाल्यावर पिठाच्या पोत्यावर बसून उना मला म्हणाली, "आई माझ्याशी डॉक्टरांशी बोलल्यासारखी बोलते गं. शब्द निवडून."

"मग जा आणि सांग ना, आई चुकलं माझं," मी म्हटलं. "त्याला काय मुहूर्त लागतो?"

"सांगणार आहे. ईस्टरला जाईन तेव्हा सांगेन."

ईस्टरला बेकरीत श्वास घ्यायला फुरसत नसते, हे तिला काय माहीत नव्हतं? मग नाताळ ठरला. मग पुढचा ईस्टर. अशी वर्षं गेली, आणि एका फेब्रुवारीत कारखान्यातच चक्कर येऊन म्हातारी गेली.

मयताला आलेल्यांना हॅम घातलेले पाव द्यायचे, ही आमची रीत. त्याशिवाय माणसाला नीट निरोप दिला असं कोणी मानत नाही. उना म्हणाली, "आईचे पाव मीच करणार." पहाटे भाजले, व्हॅनमध्ये ट्रे चढवले, आणि ट्रे धरायला मी सोबत गेले. डोंगरावर बर्फ होता, रस्ता अडला. इल्किस्टनला पोचलो तेव्हा लोक दफन आटोपून चर्चच्या हॉलमध्ये येत होते. लेकीसाठी थांबले होते म्हणे बराच वेळ, पण किती थांबणार?

उना कोणाला भेटली नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरली, ॲप्रन बांधला आणि हॅम कापायला लागली. मग ट्रे घेऊन बाहेर आली. एका म्हाताऱ्या बाईसमोर ट्रे धरून म्हणाली, "घ्या ना, कॉब घ्या." शब्द तिकडचा, पण हेल सगळा आमचा.

"तुम्ही बोल्टनच्या वाटतं," बाई म्हणाली. "उनाच्या बेकरीतल्या का?"

"हो."

"मी कारखान्यात शेवटपर्यंत तिच्या आईशेजारी बसायचे. पाव छान झालेत हो." बाईने एक पाव उचलला. "लेकीला मी कधी पाहिलं नाही, पण तिचं फार कौतुक होतं आईला. मी म्हणायचे, अगं मग जात का नाहीस तिच्याकडे? तर म्हणायची, तिचं तिथे मोठं नाव आहे, मी तोंड उघडलं की पोरीला खाली बघायला लागतं." तिने हॉलभर नजर फिरवली. "आज तरी येईल वाटलं होतं. नाही ना आली?"

मी तोंड उघडणार होते. पण उनाने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्या ट्रेमधले पाव नीट लावायला लागले.

"नाही," उना म्हणाली. "तिला नाही जमलं."

आणि ट्रे घेऊन ती पुढच्या माणसाकडे गेली.