आईच्या मागच्या दोन खोल्या

आईने पाटल्या मोडून अंधेरीच्या आमच्या घरामागे दोन खोल्या बांधल्या, तेव्हा वडील कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलत नव्हते. कारकून माणूस, जोखीम म्हटली की दोन पावलं मागे. "भाडेकरू एकदा घुसला की जागा गेली समज," म्हणायचे. पन्नासनंतरच्या त्या वर्षांत ते खोटंही नव्हतं. कायदा भाडेकरूच्या बाजूने.

आईचं उत्तर तयार होतं. "बिऱ्हाड ठेवतंय कोण? कॉलेजची मुलं ठेवीन. परीक्षा झाली की गावाला जातील, खोली आपोआप रिकामी." एवढं डोकं आमच्या अख्ख्या आळीत कुणाला नव्हतं, आणि हे ती माझी आई म्हणून सांगत नाही. नियम एकच होता. खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही, जेवायचं आमच्या स्वयंपाकघरात. स्टोव्ह पेटला की बिऱ्हाड झालं, मग त्या पत्त्यावर रेशनकार्ड निघालं की ब्रह्मदेव आला तरी माणूस हलत नाही.

एका वर्षी मालवणकडचा एक मुलगा होता, हुशार आणि गरीब स्वभावाचा. त्याचे वडील गिरणीत. दिवाळीनंतर ते एक दिवस बायको, दोन मुली, ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन दारात उभे. म्हणे, चार दिवसांसाठी. दुसऱ्याच दिवशी वाण्याने आईला सांगितलं, ते गृहस्थ तुमच्या पत्त्यावर कार्ड कसं काढायचं विचारत होते. वडिलांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "वाट लागली. गेल्या तुझ्या पाटल्या."

आई भांडली नाही. मागे गेली आणि त्या बाईंना म्हणाली, "तुम्ही माझ्या पाहुण्या. पाहुण्यांनी वेगळी चूल मांडली तर लोक मला नावं ठेवतील." स्वतःच्या हाताने स्टोव्ह उचलून आमच्याकडे आणला. मग आठवडाभर ते सगळे आमच्या पंक्तीला. भाकऱ्या थापून माझे हात दुखायचे आणि मी चडफडायचे, "हाकलून दे ना गं सरळ!" आई म्हणायची, "तू गप बस." ती बाई मात्र कामाला वाघ होती. आईबरोबर खोबरं वाटताना तिने एकदा सांगून टाकलं की नाहूरला तिच्या भावाची ऐसपैस जागा आहे, पण भावजयीच्या हाताखाली राहायला तिच्या नवऱ्याला कमीपणा वाटतो.

त्या शुक्रवारी आईने पाट मांडला. बाईंना बसवलं, कुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली. ओटी भरली म्हणजे पाहुणीने निघायचं, हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. तिने मांडीतला नारळ पदरात नीट बांधून घेतला. मग उठून आईच्या पाया पडली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला." तो काहीतरी पुटपुटला, पण भरल्या ओटीने उभ्या असलेल्या बायकोपुढे त्याचं काय चालणार! आई त्याला एवढंच म्हणाली, "मुलगा इथेच राहील. त्याची परीक्षा होईपर्यंत तो माझा."

ते गेले आणि मला तर नाचावंसं वाटत होतं. काय ही माझी आई! कोर्ट नाही, कचेरी नाही, तोंडातून एक वाकडा शब्द नाही. पण आई जेवली नाही. म्हणाली, "ओटी 'परत या' म्हणून भरायची असते गं. मी 'जा' म्हणून भरली."

संक्रांतीला दार वाजलं. ती बाई, एकटीच, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. आई दारातच थिजली.

"असा काय बघतास वयनी?" ती बाई चपला काढता काढता म्हणाली. "ओटी भरलात मां? मगे परत येवक नको?"