दुसऱ्या मजल्यावरचं रिजेक्ट पाणी

गच्चीवर ऊन तापलं होतं. मी पान्याने व्हॉल्व्ह पिळत होतो आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राऊत माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते.

"अजून थोडा, वर्तकसाहेब?"

"अर्ध्याहून जास्त बंद केलाय. धार येईल, पण बारीक. बास झालं."

हा व्हॉल्व्ह तिसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंच्या घराचा. आमच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटची लाइन गच्चीवरच्या टाकीतून वेगळी उतरते, त्यामुळे एकाच घराचं पाणी कमी करता येतं. मी बरोबर माणसाचं पाणी कमी करतोय याबद्दल मला त्या दिवशी अजिबात शंका नव्हती. कमिटीलाही नव्हती, कारण मी सांगितलं होतं.

माझं सांगणं एवढं वजनदार का, ते आधी सांगतो. माझी सगळी नोकरी एका रासायनिक कारखान्याच्या डीएम प्लांटवर गेली. डीएम म्हणजे डीमिनरलाइज्ड. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार काढून टाकायचे आणि ते पाणी बॉयलरला द्यायचं, नाहीतर बॉयलरच्या नळ्यांत थर बसतो. व्हीआरएस घेऊन अलिबागला या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सोसायटीचा पंप बिघडला, टाकी गळली, की लोक माझं दार वाजवायचे. मला ते आवडायचं.

पुढे कुणाकडून तरी माझं नाव ऐकून संध्या आली. संध्या घरत. किहीमच्या एका रिसॉर्टमध्ये ती हाउसकीपिंग सुपरवायझर होती. ते सोडून तिने बंगल्यांच्या काचा धुण्याचा व्यवसाय सुरू केला. किनाऱ्यावरच्या नव्या बंगल्यांना जमिनीपासून छपरापर्यंत काचा असतात आणि समुद्राच्या वाऱ्याने आठ दिवसांत त्या धुरकट होतात. तिच्याकडे लांब दांड्याचा ब्रश होता. दांड्यातून पाणी वर चढतं, ब्रशमधून काचेवर पडतं, शिडी लागत नाही. पण ती बोअरिंगचं पाणी वापरायची आणि काच वाळली की पांढरे ठिपके उरायचे. मालक फोटो काढून पाठवायचे.

"काका, पुसून पुसून हात दुखतात. आणि दुसऱ्या मजल्यावरची काच पुसणार कशी?" ती म्हणाली.

मी तिला टीडीएस मीटर दाखवला. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते हा पेनाएवढा मीटर सांगतो. तिच्या पाण्यात बुडवला तर आकडा भराभर चढत गेला. म्हटलं, "हा आकडा शून्यावर आणला की काच पुसायलाच नको. पाणी उडून जाईल, मागे काही उरणार नाही. मी देतो तुला तसं पाणी."

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातल्या कॉमन बाथरूममध्ये आरओ बसवला. आरओमध्ये पाणी दाबाने एका पडद्यातून ढकलतात. चांगलं पाणी पलीकडे जातं आणि क्षार घेऊन उरलेलं पाणी बाहेर पडतं, त्याला रिजेक्ट म्हणतात. पुढे रेझिनची नळी लावली. रेझिन म्हणजे साबुदाण्यासारखे बारीक मणी, उरलेसुरले क्षार ते धरून ठेवतात. तयार पाणी बाल्कनीतल्या ड्रममध्ये. रिजेक्ट दुसऱ्या ड्रममध्ये, फ्लशला आणि फरशीला वापरायला. तो भरून वाहिला तर पाइपने बाथरूमच्या जाळीत. पाण्याचा टपटप आवाज होऊ नये म्हणून त्या पाइपचं तोंड मी जाळीच्या आत खोल सोडलं होतं. माझ्या बायकोचं, वसुधाचं, आवाजाने डोकं धरतं. काम नीटनेटकं झालं होतं. राऊतांना घरी बोलावून दाखवलंही. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणजे फॅक्टरीच उभी केलीत की."

संध्याचं काम जोरात सुरू झालं. वसुधा सकाळी शाळेत शिकवायला गेली की मी आरओ चालू करायचो आणि भरलेले कॅन घेऊन संध्याबरोबर टेम्पोने किहीमला जायचो. पहिल्या बंगल्याची काच वाळून आरशासारखी झाली तेव्हा ती टाळ्या वाजवत लॉनवर नाचली होती.

मे महिन्यात नळाचं पाणी एक दिवसाआड येऊ लागलं. दरवर्षी येतं तसंच. पण यंदा आमची टाकी दुपारीच तळ दाखवायला लागली. शेजारच्या सोसायटीत तसं नव्हतं. म्हणजे पाणी आमच्याच इमारतीत कुठेतरी जात होतं. जमिनीखालची टाकी तपासली, ठीक. मेन लाइन तपासली, ठीक. मग कमिटीची मीटिंग झाली आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मंजुळाबाई कोळीण. बाजारात मासळी विकतात, मुलगा बोट चालवतो. होडीच्या कमाईतून त्यांनी हा फ्लॅट घेतला, रोख. त्या राहायला आल्यापासून जिन्यात वास येतो अशी कुजबुज होती. त्या रिकामे क्रेट घरी आणतात हे सगळ्यांनी पाहिलेलं. मीटिंगमध्ये कुणीतरी ते काढलंच. राऊतांनी मला विचारलं, "टेक्निकली काय वाटतं?"

मी म्हणालो, "मासळीच्या धंद्याला पाणी लागतंच. क्रेट धुवायला किती जातं याचा आपल्याला अंदाज नसतो. बाकी सगळं मी तपासलंय."

बाकी सगळं तपासलं होतं. त्यांचं घर तपासलं नव्हतं, आणि माझंही.

मंजुळाबाई मीटिंगला होत्या. उभ्या राहून म्हणाल्या, "क्रेट आमी बंदरावर धुतो, खाऱ्या पाण्यात. घरात नुसते ठेवतो. कोणी पन येऊन बघा."

कुणी गेलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन गच्चीवर चढलो.

त्यांच्या घरात सून नुकतीच बाळंत झालेली होती. हे मला माहीत होतं. बारशाचे पेढे आमच्याकडे आले होते. नळाची धार बारीक झाल्यावर मंजुळाबाई खालच्या नळावरून हंडा भरून नेऊ लागल्या. बाजारातून येऊन, पातळाचा काष्टा तसाच, तीन मजले. एकदा जिन्यात समोरासमोर आलो. माझ्या दोन्ही हातांत कॅन होते, काचांसाठीचं पाणी. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि मला वाट दिली. मी "बाळ कसं आहे?" असं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"बरा हाय," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

टेम्पोत बसल्यावर संध्याने विचारलं, "त्या बाई पाणी का चढवतायत?"

"जास्त वापरत होत्या. लाइन कमी केलीय."

संध्या माझ्याकडे बघत राहिली. मग गाडी सुरू केली.

व्हॉल्व्ह पिळून आठवडा झाला, तरी टाकी दुपारी रिकामीच. राऊत वैतागले. म्हणाले, "आता पूर्णच बंद करू या का त्यांचा?" मला तेही पटलं असतं. पण कारखान्याची सवय म्हणून मी म्हणालो की आधी पुरावा घेऊ. रविवारी सकाळी सगळे घरी असतात, सगळ्यांनी नळ बंद ठेवायचे. सांडपाण्याचा पाइप जिन्याच्या खिडक्यांना लागून खाली उतरतो. नळ बंद असताना पाइपात पाणी वाहत असेल तर ते कुठल्या मजल्यावरून येतंय ते कान लावून कळेल. वरून सुरुवात करायची. ज्या मजल्याखाली आवाज सुरू होईल, ते घर.

"याला म्हणतात अनुभव," राऊत म्हणाले.

रविवारी सगळे नळ बंद झाले. मी वसुधाला विचारलं, तिने आतून ओरडून सांगितलं, "सगळे बंद आहेत." आरओ चालू होता, पण तयार पाण्याचा ड्रम भरला की तो आपोआप थांबतो. ड्रम आदल्या संध्याकाळीच भरला होता. त्यामुळे माझ्या हिशेबी तो बंदच.

चौथ्या मजल्याखाली पाइपला कान लावला. काही नाही. माझ्यामागे राऊत आणि सात-आठ माणसं. तिसऱ्या मजल्याशी आलो. मंजुळाबाई नातवाला खांद्यावर घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मजल्याखालच्या खिडकीतून हात बाहेर काढला, पाइप धरला, कान टेकवला.

काहीच ऐकू आलं नाही. मी कान बदलला. पुन्हा ऐकलं. पाइप कोरडा आणि उन्हाने कोमट.

"काय म्हणतोय?" राऊतांनी विचारलं.

"इथे नाही."

आम्ही खाली उतरलो, माझ्या मजल्याच्या खाली. पाइपला हात लावला आणि कान लावायची गरजच उरली नाही. तो गार होता. आतून पाणी एकसारखं वाहत होतं.

राऊतांनीही कान लावला. त्यांचा चेहरा खुलला. "सापडलं! ही कुणाची लाइन, साहेब?"

या पाइपावर दुसऱ्या मजल्यावर एकच बाथरूम येतं.

"माझी," मी म्हणालो.

एक जण पाइपाशी थांबला, बाकीचे माझ्या मागोमाग घरात आले. मी बाथरूममध्ये गेलो, जाळी उचलली. रिजेक्टच्या पाइपमधून बोटभर जाडीची धार आत पडत होती. आवाज नाही, काही नाही. तशी सोय मीच केली होती. मी आरओचा नळ बंद केला. जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "थांबलं! आवाज थांबला!"

झालं काय होतं, तर आरओला एक छोटा ऑटो शट-ऑफ व्हॉल्व्ह असतो. ड्रम भरला की तो येणारं पाणी अडवतो. त्यात क्षार बसून तो अडकला होता. चांगलं पाणी तयार व्हायचं थांबायचं, पण नळाचं पाणी आत येत राहायचं आणि सगळंच्या सगळं रिजेक्टमधून गटारात जायचं. दिवसरात्र. दोन-तीन घरांचं पाणी तरी असेल. प्लांटवर आम्ही दर तासाला रिजेक्टचा फ्लो बघायचो. ज्युनिअरने नाही बघितला तर मी त्याला सगळ्यांसमोर झापायचो. घरी मी रिजेक्टला मीटर लावलाच नव्हता. दिवसातून चारदा चांगल्या पाण्याचा आकडा बघायचो. शून्य दिसलं की खूश.

माणसं बाथरूमच्या दारात उभी होती. मी पुसायचं फडकं हातात घेऊन खाली बघत होतो. मला वाटलं, आता ओरडतील. पण राऊत म्हणाले, "अहो, मशीन आहे, बिघडायचंच. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "सापडलं हे महत्त्वाचं. तेही तुमच्यामुळेच." वसुधाने नेहमीच्या सवयीने चहा ठेवला आणि लोक खरोखर बसले. पाच मिनिटांत विषय आंब्यांवर गेला.

मला इतक्या लवकर माफी मिळाली की कानशिलं तापली. मंजुळाबाईंना एवढं विचारायलाही कुणी गेलं नव्हतं. चहा तसाच ठेवून मी पाना घेतला आणि वर गेलो.

त्या अजून दारातच होत्या. मी म्हणालो, "मंजुळाबाई, पाणी माझ्या घरातून जात होतं. माझी चूक झाली. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

त्या नातवाची पाठ थोपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आदी माझा नल सोडा."

मी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. खाली आलो तेव्हा आत बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. सून आतून म्हणाली, "आई, आलं." मला वाटलं, आता जाऊ या. पण मंजुळाबाईंनी थांबवलं.

"साहेब, एक विचारू? मी बोलले, घरात येऊन बघा. का नाय आलात?"

उत्तर होतं, पण ते तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं.

"तुमी बोललात तं सगल्यांना खरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पाना घेऊन वर गेलात तवा मी खालून बगत होते. मला वाटलं, शिकलेला मानूस हाय, पयला येऊन बगेल." त्यांचा आवाज चढला नाही. नातू रडायला लागला तशी त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

संध्याला फोन केला. उद्या पाणी नाही म्हणून सांगितलं, आणि का नाही तेही. ती म्हणाली, "काचा थांबतील, काका. माझी आई पण पापलेट विकायची. तुम्हाला कधी सांगितलं नाही मी."

आता आरओ माझ्या भावाच्या वाडीत आहे, नागावला. रिजेक्ट नारळांना जातं. त्याच्या लाइनवर मीटर आहे आणि पहिली नजर मी त्यावरच टाकतो. पुढच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून सगळ्यांसमोर मंजुळाबाईंचं नाव घेऊन माफी मागितली. राऊत म्हणाले, "झालं ते झालं, कशाला उकरताय?" मंजुळाबाई त्या मीटिंगला आल्या नव्हत्या. त्यानंतर त्या कुठल्याच मीटिंगला आलेल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर मी नमस्कार करतो. त्या मान हलवतात.

प्लांटवर नवीन पोरांना मी एक गोष्ट शिकवायचो, की आत किती आलं आणि बाहेर किती गेलं, दोन्ही मोजा. घरात पाण्याचा असा काही खटाटोप करणार असाल तर तुम्हालाही तेच सांगेन. आणि कुणाच्या घराचं पाणी तोडायची वेळ आलीच, तर आधी त्यांचं दार वाजवा.