चाळीस नंबरची बहीण

खेळात ती शेवटच्या दालनात भेटते. ओले केस तोंडावर, सोललेले पांढरे हात पुढे, घशात घरघर. पोरं पडद्यासमोर बसून किंचाळतात, मग खिदळतात, तिच्यावर मीठ फेकतात, आणि तिला संपवलं की गुण मिळतात. खेळ काढणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलंय 'उकळती बाई'.

बाई कसली डोंबलाची! पंचविशीसुद्धा गाठली नव्हती तिने. आणि आईबापांनी ठेवलेलं नाव होतं तिला. नुई.

नुई घाटापलीकडची. तिच्या गावात भात पिकत नाही, नुसत्या पोरी पिकतात, असं तिचा बाप दारू चढली की म्हणायचा. चौथीही मुलगीच झाली तेव्हा त्याने तिचं नाव ठेवलं तोमे. म्हणजे बस, पुरे झालं आता. आपल्याकडे नकोशी ठेवतात, त्याच जातीचं नाव. आईला शेतातून उसंत नव्हती, म्हणून तोमे वाढली ती नुईच्या पाठीवर, फडक्यात बांधलेली. बोलायला शिकली ती नुईच्या मानेमागून, आणि बोलायला लागली ती थांबलीच नाही. नाव पुरे, पण तोंड पुरे म्हणायचं नाव घेईना.

दोघी रेशमाच्या गिरणीत निघाल्या तेव्हा घाटात बर्फ होता. पोरी कमरेला दोऱ्या बांधून एकमेकींच्या आधाराने चालायच्या, कारण पाय घसरला की खाली दरी, आणि दरीतून कुणाला वर काढायची रीत नव्हती. नुईने तोमेला आपल्या लाल दोरीने बांधून घेतलं. पलीकडे उतरल्यावर ती दोरी मधोमध कापली. अर्धी नुईच्या केसांत, अर्धी तोमेच्या.

"हरवलीस तर यावरून ओळखीन," नुई म्हणाली.

"मी कशाला हरवते? मला हाक मारायची गरज पडत नाही, माझा आवाजच पुढे असतो," तोमे म्हणाली.

गिरणीत नावं चालत नसत. उकळत्या पाण्याच्या कढयांची रांग, दर कढईला नंबर, आणि जो कढईचा नंबर तोच तिच्यावर बसणाऱ्या पोरीचा. नुई एकोणचाळीस, तोमे चाळीस. कढईत कोश टाकायचे, बोटांनी ढवळून धाग्याचं टोक शोधायचं, चाकाला लावायचं. पहिल्या हंगामात बोटांना फोड येतात, दुसऱ्यात कातडी पांढरी पडून सुटते, पुढे हात कुणा दुसऱ्याचेच वाटायला लागतात. नुईचे हात तसे झाले होते. उकळत्या पाण्यात कोपरापर्यंत घातले तरी चेहरा हलत नसे. हिवाळ्यात तोमे तिला चिडवायची, "ताई, तुझे हात काढून ठेव ना गं उशाला, माझे पाय शेकते."

मुकादम होता इबुका. हातात वेताची काठी, तोंडाला शिळ्या दारूचा भपका. धागा जाड-बारीक झाला की बोटांवर काठी. गाणं म्हटलं की पाठीवर. कारण नसलं की कारण सापडेपर्यंत.

आणि मालक कुरोसे. हा माणूस मोठा धार्मिक बरं का. गिरणीच्या अंगणात त्याने पुरुषभर उंचीचा दगड उभा केला होता, कशासाठी, तर धाग्यापायी मेलेल्या अळ्यांच्या आत्म्यांसाठी. दर शरदात मठातले भिक्खू यायचे, अळ्यांना सद्गती मिळावी म्हणून सूत्रं म्हणायचे, आणि सगळ्या पोरी हात जोडून रांगेत बसायच्या. कुरोसेच्या डोळ्यांना खरंच पाणी यायचं. "केवढे जीव घेतो आपण," म्हणायचा. पोरी खोकून खोकून रक्त ओकत होत्या तेव्हा त्याच्या डोळ्यांतला तो झरा कुठे आटायचा, कुणी विचारलं नाही.

त्या पूजेची एक रीत होती. पूजेच्या दिवशी गिरणीत एकही अळी मारायची नाही. कोश टिकावेत म्हणून आतली अळी मारावी लागते, ती वाळवणखोलीत. जाड भिंती, खाली भट्टी, बाहेरून लोखंडी कडी. मग पूजेच्या दिवशी मारायचं नाही म्हणजे काय करायचं? तर आदल्या दिवशी असतील नसतील तेवढ्या सगळ्या मारून मोकळं व्हायचं. दया एका दिवसाची, तिची वसुली आदल्या दिवशी.

तो आदला दिवस. इबुका रांगेतून फिरत होता. तोमेपाशी थांबला, नाक मुरडून म्हणाला, "चाळीस, तुझ्या अंगाला मेलेल्या अळ्यांचा वास येतो."

"हो का मुकादम? मला वाटलं तुम्ही जवळ आलात म्हणून येतोय."

आख्खी रांग फुटली. वयस्क शिगे, जी कधी दात दाखवत नसे, तीसुद्धा बाहीआड फिसकन हसली. इबुकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने तोमेचे केस मुठीत धरले आणि तिला तिपाईवरून खेचली. तिची टाच कढईला लागली, पाणी तिच्या मांडीवर सांडलं. ती ओरडली. तो थांबला नाही. मागे धावलेल्या नुईला त्याच्या माणसाने धरून ठेवलं. अंगणातून फरफटत नेलं, वाळवणखोलीत ढकललं, पोटात लाथ घातली आणि कडी लावली.

"बस तुझ्या भावकीत. जेवणवेळेला काढतो."

आणि विसरला. गावात बंदरावरचे व्यापारी उतरले होते, त्यांच्याबरोबर पिऊन पडला.

भट्टीवाला होता जिन्झो. कानाने बहिरा, भट्टीच्या धडधडीने झालेला. गिरणीचा नियम साधा: कडी उघडी म्हणजे खोली रिकामी, कडी लावलेली म्हणजे कोश भरून तयार. फडताळं सकाळीच भरलेली होती. जिन्झोने कडी पाहिली, पूजेच्या आत काम उरकायचंय म्हणून दुप्पट लाकडं घातली आणि भट्टी पेटवली.

रात्री जेवायलाही तोमे आली नाही. नुईने विचारलं तर स्वयंपाकीण म्हणाली, "कोंडलेली सोडली तशी पळाली म्हणे. मुकादमाचा माणूस सांगत होता."

"पळाली? मला सोडून?"

"पोरींचं काय सांगावं बाई. घे, कढण गार होतंय."

दुसऱ्या दिवशी पूजा. मारायचं नव्हतं, पण मेलेल्यांचा धागा काढायला धर्माची ना नव्हती. व्यापाऱ्यांना काम दाखवायचं म्हणून सकाळी चाकं चालू केली. नुईच्या कढईत कालच्या भट्टीतले कोश आले. ती ढवळत होती, टोक शोधत होती, आणि बोटांना टोक लागलं ते लाल. तिने ओढलं. दोरी आली, दोरीबरोबर केसांचा झुपका, आणि झुपक्यात अडकलेलं मुळापासून उपटलेलं नख.

नुईने ती दोरी आपल्या केसांतल्या दोरीला लावून पाहिली. कापलेली टोकं जुळली.

ती उठली. शिगेने हाक मारली तरी थांबली नाही. वाळवणखोलीचं दार सताड उघडं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, हात पोचेल तिथपर्यंत, लाकडावर ओरखडेच ओरखडे. काही कोरडे, काही रक्ताचे. जिन्झो भट्टीपाशी राख लावलेल्या तोंडाने बसला होता. तिने ते दार त्याला दाखवलं, आणि तो कपाळ बडवायला लागला.

"कडी होती गं पोरी! कडी लावलेली होती! कडी असली की खोली भरलेली..."

"कुठाय ती?" नुईने ओठ मोठे हलवून विचारलं.

जिन्झोने बोट केलं. मागच्या चुन्याच्या खड्ड्याकडे.

आता ऐका, कारण खेळात हे सांगत नाहीत. नुईला तेव्हा कुणाचा जीव नको होता. तिला पाहिजे होती एक लाकडाची फळी. ज्या मेलेल्या माणसाच्या नावाची फळी उभी राहिली नाही, ज्याचं नाव सूत्रांत आलं नाही, ते माणूस भटकत राहतं, उपाशी, हे त्या डोंगरातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि आज भिक्खू दारात येणारच होते.

कुरोसे सणाचा काळा पोशाख चढवत होता.

"मालक, आज पूजा आहे. माझ्या बहिणीच्या नावाची एक फळी त्या दगडाजवळ उभी करू द्या. भिक्खूंना तिचं नाव घेऊ द्या. मी कुणाला काही बोलणार नाही, मरेस्तोवर कढईवर बसेन."

कुरोसेने कंबरपट्टा घट्ट केला. "पळून गेलेल्या पोरीचं श्राद्ध घालतात का कुठे?"

"ती चुन्यात आहे, मालक."

"तो दगड अळ्यांचा आहे," तो अगदी शांतपणे म्हणाला. "आज पाहुणे आहेत. जा. आणि चाळीसवर दुसरी कुणी बसवायला सांग."

दुपारी सगळी गिरणी अंगणात बसली. शेवंतीची फुलं, उदबत्त्यांचा धूर, कुटलेल्या भाताच्या गोळ्यांची, मोचीची, ताटं. भिक्खूंनी अळ्यांसाठी सूत्र धरलं. नुई रांगेतून उठली.

"भिक्खूबुवा, त्या खोलीत आणखी एक जीव गेला. तिचंही नाव घ्या. तोमे."

भिक्खूंनी मालकाकडे पाहिलं. मालकाने इबुकाकडे. भिक्खूंनी मान खाली घातली आणि सूत्र जिथे तुटलं होतं तिथून पुढे जोडलं. नुईने रांगेकडे पाहिलं. कालच्या हसणाऱ्या सगळ्या तिथेच होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. शिगेने तिची बाही ओढली, "खाली बस गं, मारतील तुला."

इबुकाने तिला मानेला धरून आत नेलं. कढया अजून उकळत होत्या, वाफेने छत दिसत नव्हतं. त्याने काठी तिच्या तोंडावर मारली. दात तुटून तिच्या जिभेवर आला.

"बहिणीचीच जीभ तुलाही? थांब, उपटून देतो."

पुन्हा मारायला तो पुढे वाकला तेव्हा नुईने त्याचे दोन्ही कान धरले आणि त्याचं तोंड चाळीस नंबरच्या कढईत घातलं. स्वतःचे हात कोपरापर्यंत आत. तिच्या हातांना त्या पाण्याची सवय होती. त्याच्या तोंडाला नव्हती.

तिने त्याला वर काढलं. "नाव सांग तिचं!"

"चाळीस!" तो बोंबलला. "चाळीस! चाळीस!"

पुन्हा आत. कातडी तिच्या बोटांत सुटून आली, कोशाचं टरफल सुटतं तशी. "नाव!"

त्याला नाव ठाऊकच नव्हतं; आत्ता अंगणात तिने घेतलं तेही कानात शिरलं नव्हतं. जिला केस धरून नेलं, जिला कोंडून विसरला, तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. नुई ते कळल्यावर क्षणभर थांबली, आणि तेवढ्यात मागून आलेल्या माणसाने भट्टीची सळी तिच्या पाठीत घातली. मणका मोडल्याचा आवाज दारात उभ्या असलेल्या कुरोसेनेही ऐकला.

"आवाज बाहेर जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "सूत्र चाललंय."

त्याच्या दोघा माणसांनी तिचं डोकं कढईत दाबलं, आणि ती हलायची थांबल्यावरही दाबूनच ठेवलं. बाहेर भिक्खू अळ्यांना निर्वाण देत होते. घेरी येऊन पडली, असं पाहुण्यांना सांगितलं. चुन्याचा खड्डा पुन्हा उघडला. फळी हिचीही नाही.

वसंतात चाकं पुन्हा फिरली, आणि चाळीस नंबरवरची वाफ काही केल्या विरेना. भर दुपारी, सगळ्या रांगेसमोर, तोंडाला फडकी गुंडाळलेला आंधळा इबुका धडपडत त्या वाफेत शिरला, कुणी हाताला धरून नेल्यासारखा. आतून विचारणारा आवाज आला, आणि त्याचा आवाज आला, "चाळीस!" वाफ पांगली तेव्हा त्याचं डोकं गळ्यापर्यंत कढईत होतं आणि तोंडात कोश ठासून भरलेले होते.

कुरोसे वाळवणखोलीत सापडला. कडी बाहेरून. जिन्झोने त्या दिवशी भट्टी पेटवलीच नव्हती, तरी भिंती तापलेल्या होत्या. आत त्याने सोन्याची फळी बसवतो म्हणून टाहो फोडला होता, सगळ्या अंगणाने ऐकला. मग तो नंबर ओरडायला लागला. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, पुढचे, मागचे, गिरणीतले सगळे. सोन्याची फळी म्हणे. तिच्यावर लिहिणार काय होता?

शेवटी शिगेला भेटली. शिगे कोश घेऊन निघाली होती. वाफेतून पांढरा हात आला आणि तिच्या गळ्याभोवती बसला.

"तिचं नाव?"

"तोमे," शिगे रडत म्हणाली. "तोमे गं. तुझ्या पाठीवर वाढलेली. मला हसवायची. त्या दिवशी बोलायला हवं होतं मी, नुई."

हात सुटला. शिगेच्या गळ्यावर बोटांचे पांढरे वळ राहिले, ते मरेपर्यंत. त्याच दिवशी ती गिरणी सोडून गेली, आणि तिने हे सगळं घरी सांगितलं.

गिरणी कधीच पडली. दगड तेवढा आहे, शरदात अजून कुणीतरी अळ्यांना फुलं वाहून जातं.

शिगेच्या पणतीची मुलगी मिओ परवा तो खेळ खेळत होती. शेवटचं दालन आलं, वाफ आली, ओले केस आले. पळायची कळ आहे, लपायची आहे, मीठ फेकायची आहे. नाव घ्यायची नाही. मिओने तिन्हींवरून बोटं उचलली आणि पडद्याजवळ तोंड नेऊन घरात ऐकलेलं नाव घेतलं, "तोमे."

पडद्यावरचे पांढरे हात पुढे आले. मिओचा गळा नाही, खेळात मिओ चालवत होती त्या पोरीचा धरला, आणि आवळतच राहिले.

मिओ पुन्हा म्हणाली. मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, रागाने, पडद्यावर मूठ आपटून. स्वयंपाकघरातून तिची आई ओरडली, "कुणाला हाका मारतेस गं?"