नोव्हेंबरात मामांना यावं लागू नये म्हणून

किस्से कोणी साठवत नाही. ते कचेरीतल्या स्टोअररूममधल्या फायलींसारखे आपोआप साठतात. कोणी मागत नाही, आणि फेकून द्यायचा अधिकार कोणालाच नसतो. छत्तीस वर्षं कारकुनी केल्यावर माझ्याकडं अशा दोन खोल्या भरल्या होत्या. वाटलं होतं, आता भर पडायची नाही. मग मी सहासष्टाव्या वर्षी वेबसाइट बनवायच्या क्लासला नाव घातलं!

याला कारण एक वाक्य. मारुतीमामा आमच्या कचेरीत शिपाई होते. आता ऐंशीच्या पुढं आहेत, ईट गावी मुलाकडं असतात. आम्ही पेन्शनर दर नोव्हेंबरात हयात असल्याची सही बँकेत करतो. ती सही पुढं कोषागारात पोचली का, हे विचारायला माणसं धाराशिवला आमच्या पेन्शनर संघाच्या खोलीवर येतात. मी तिथला सचिव. मागच्या नोव्हेंबरात मामा एसटीच्या पायरीवरून घसरले. गुडघा सुजून टम्म. तरी लंगडत खोलीवर आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आलं का माझं?"

त्यांची सही आठ दिवसांपूर्वीच पोचली होती.

मी तिरमिरीत म्हणालो, "मामा, पुढच्या नोव्हेंबरात तुम्हाला यावं लागणार नाही. घरी बसून मोबाइलवर दिसेल. मी बघतो काय ते."

न्यायला आलेला त्यांचा मुलगा, गावातल्या शाळेत मास्तर आहे, तो म्हणाला, "शब्द दिलाय बरं का! पुढच्या वेळी मी त्यांना घराबाहेर पडू देणार नाही."

नोकरीत असा तोंडी शब्द मी कधी दिला नव्हता. रिटायर झाल्यावर माणूस बेसावध होतो.

*

क्लास स्टेशनरीच्या दुकानावर, जिना चढून. शिकवणारे इरफान सर तिशीतले. त्यांनी मला पाहून खुर्ची दिली आणि विचारलं, "ॲडमिशन कोणाचं करायचंय, काका? नातवाचं?"

"माझं."

"नोकरीसाठी?"

"नको. एक होती. ती सुटायला छत्तीस वर्षं लागली."

त्यांनी फॉर्म पुढं केला. तो मी इतका सुवाच्य भरला, की त्यांनी भिंतीवर नमुना म्हणून लावला. क्लासमधलं माझं पहिलं आणि शेवटचं यश.

*

पहिला धडा टेबल बनवण्याचा. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट, आणि टेबल म्हणजे त्यातलं एकेक रजिस्टर, असं सरांनी सांगितलं. मला वाटलं, हे तर आपलंच काम! सभासदांच्या रजिस्टरला मी सोळा कॉलम आखले. शेवटचा कॉलम 'शेरा'.

सर म्हणाले, "शेऱ्यात काय लिहिणार?"

"ते शेरा मारायची वेळ आल्यावर कळतं."

"काका, काय येणार ते माहीत नसताना कॉलम ठेवायचा नसतो."

"सर, काय येणार ते माहीत नसतं, म्हणूनच तो ठेवतात."

त्यांनी तो काढला. मी परत घातला. हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ते थकले. सरकारी नोकरीत एवढं एकच शिकलो होतो, समोरचा आधी थकला पाहिजे.

*

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सविता बसायची. परंड्याकडची, धनगराची पोर, पदवी घेऊन धाराशिवला एका दुकानात कामाला. वडिलांच्या शेळ्यांची वेबसाइट बनवायचा तिचा बेत होता. सरांनी सांगितलं, टेबलातल्या प्रत्येक ओळीला तिचा एकटीचा नंबर लागतो, नाहीतर कोण कुठली ते मशीनला ओळखू येत नाही. सविता गावी जाऊन शेळ्यांना नंबर द्यायला लागली.

वडील म्हणाले, "नंबर कैद्याला असतोय. माझ्या शेळ्यांनी काय केलंय?"

"आबा, मशीनला वळखू येत न्हाय."

"मंग मशीनला चार दिस रानात आण माझ्यासंगं."

शेवटी मधला मार्ग निघाला. नंबर द्यायचे, पण शेळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचे नाहीत! पुढं प्रत्येक शेळीच्या ओळीत तिच्या आईचा नंबर टाकायचा होता. आबांनी बसल्या जागी चार पिढ्या सांगितल्या. मेलेल्या, विकलेल्या, लांडग्यानं नेलेल्या, सगळ्या. सविता लिहून लिहून दमली. सोमवारी येऊन मला म्हणाली, "काका, आबांना माझी जन्मतारीख इच्यारली. म्हणले, काळी बांडी शेळी व्याली त्या साली."

*

मग आला डिलीटचा धडा. सरांनी एक ओळ निवडली, बटण दाबलं. ओळ गायब.

मी विचारलं, "कोणाच्या आदेशानं?"

"माझ्या."

"कुठं सही केलीत?"

"काका, गेलं ते. आता कुठं शोधू नका."

मला रात्रभर चैन पडेना असं म्हणणार नाही, झोप लागली. पण सकाळी डोकं जड होतं. आमच्याकडं चूक झाली तर लाल शाईची एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि कडेला सही. चूकसुद्धा कागदावर शिल्लक राहिली पाहिजे. इथं माणूस जायचा आणि रेघही उरायची नाही. मी डिलीट शिकलोच नाही. परीक्षेत तेवढे मार्क गेले.

*

दुरुस्ती मात्र शिकावी लागली. मारुतीमामांचा पत्ता चुकला होता. मी बदलाचा हुकूम लिहिला, पण कोणाचा पत्ता बदलायचा, ही अट लिहायची राहून गेली. मशीननं विचारलंही नाही. संघाचे दोनशे चौदा सभासद एका क्षणात ईटला राहायला गेले!

एवढ्या बदल्या एका दिवसात मी उभ्या नोकरीत पाहिल्या नव्हत्या. त्याही विनातक्रार.

ते पत्ते परत टाकायला मला सतरा दिवस लागले. सविता येता-जाता विचारायची, "काका, किती माणसं घरी पोचली?"

*

नोव्हेंबर लागला आणि वेबसाइट सुरू केली. सभासदाच्या नावापुढं एक कॉलम होता, 'हयात'. त्यात 'होय' किंवा 'नाही'. पहिल्या दिवशी कोणाचीच सही पोचली नव्हती. सकाळी नऊपासून फोन.

एका सुनेचा फोन आला. "मामंजींचं 'नाही' दाखवतंय हो! ते तर समोर बसून चहा पितायत."

भूमच्या एका सभासदाकडं शेजारी अंत्ययात्रेला म्हणून टॉवेल घेऊन आले होते. तो म्हणाला, "आता आलात तर पोहे खाऊन जा म्हणालो."

दुपारी संघाचे अध्यक्ष स्वतः आले. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. घाम पुसत म्हणाले, "निदान अध्यक्षाला तरी आधी विचारायचं!"

मी वेबसाइट घेऊन इरफान सरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे पाहिलं. "काका, आधीपासून सगळ्यांपुढं 'नाही' का ठेवलंत?"

"सही पोचल्याशिवाय माणूस हयात धरता येत नाही. नियम आहे."

त्यांनी यादी खाली सरकवली, एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही पण गेलात, काका."

मी दोन दिवस कोणाचा फोन घेतला नाही. नियमाप्रमाणे घेताही आला नसता. मग कॉलमचं नाव बदलून 'सही पोचली' केलं आणि सगळे परत आपापल्या घरी चहा पिऊ लागले.

*

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. हे मी अविश्वासानं लिहितोय. सह्या पोचल्या, तसतसे 'होय' पडत गेले. मारुतीमामांचं पडलं, तेव्हा मी स्वतः ईटला फोन केला. मुलगा म्हणाला, "दिसलं! बाबांना दाखवलं. यंदा हेलपाटा वाचला. लई उपकार झाले."

खोली रिकामी राहायला लागली. एरवी नोव्हेंबरात बाकावर जागा नसायची. आता मी, पंखा आणि वर्तमानपत्र. वर्षभर डोळे फोडल्याचं सार्थक झालं म्हणून मी दुपारी डुलकी काढत होतो.

त्या फोननंतर पाचव्या दिवशी दारात काठी वाजली. मारुतीमामा! धोतराला धूळ, गुडघ्याला फडकं बांधलेलं.

मी उठून हात दिला. "मामा, कशाला आलात? तुमचं 'होय' पडलंय की! पोरानं दाखवलं नाही का?"

"दाखवलं की. चार दिस तेच दाखवायलाय." मामा बाकावर टेकले. श्वास घेतला. रिकाम्या खोलीकडं बघितलं. "कुणीच न्हाय व्हय?"

"सगळ्यांना घरीच दिसतंय ना."

"हां." मामांनी काठी भिंतीला लावली. "भाऊसाहेब, एक काम होतं. माझं ते 'नाही' करा."

"अहो, पोचलीय सही!"

"ते मला ठाव हाय. पोरगं म्हणतंय, 'होय' आलंय, आता धाराशिवला काय काम? आज त्याला न सांगता आलोय. रोज रोज कसं जमंल?" मामा पुढं वाकले. "महिन्यातनं एकदा आपसूक 'नाही' पडंल, असं काय करता येतंय का त्यात?"

मी चष्मा पुसला आणि लॅपटॉप उघडला.

मामा म्हणाले, "सावकाश करा. मला पाचची गाडी हाय."