धुतलेली पाटी

माझी स्कूटर चोरीला गेली, तेव्हा पोलीस ठाण्यात खेपा घालताना एक कोळीण रोज बाकावर दिसायची. आगाशीच्या बाजारात मासे विकायचे आणि रिकामी पाटी घेऊन थेट इथे यायचं, हा तिचा नेम. टँकरने तिच्या नवऱ्याला चिरडलं होतं. टँकर कुणाचा, हे पंचनाम्यात लिहिलेलं होतं. पण तिला कुणी त्याची प्रत देत नव्हतं. ज्याचं माणूस गेलं त्यालाच कळू नये, असं त्या कागदात काय असतं, मला अजून समजलेलं नाही. रोज एकच उत्तर मिळायचं, "साहेब बंदोबस्ताला गेलेत."

एकदा हवालदार नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मावशी, बाहेर बसा. वास येतोय."

ती जागची हलली नाही. दोन बोटांनी हवेतच माशाचा कल्ला उघडल्यासारखं करत म्हणाली, "पाटी धुवून आनलीय मी. आमी मासा विकताना आधी कल्ला उघडून दाखवतो, लाल हाय की नाय ते. नासका असला तरच झाकतात. तुमच्या कपाटात काय झाकलंय?"

"साहेब बंदोबस्ताला गेलेत," हवालदार रुमालातूनच म्हणाला.

आत साहेबांच्या खोलीत कपबशी वाजली.