आम्हाला किती टक्क्यांवर ठेवलंत?

लग्नाच्या कॅसेटी एडिट करणाऱ्याला किस्से साठवायला वेगळी जागा लागत नाही, हे एक बरं आहे. आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका लग्नात भरायची. दुसरं लग्न घ्यायचं तर पहिलं पुसावं लागे. किस्से मात्र कुणी पुसले नाहीत, ते आपले साचत गेले. मैत्रिणी जमल्या की अजून म्हणतात, ‘ए, ते हिराजीशेठचं सांग ना.’ मग सगळं सुरुवातीपासून सांगावं लागतं.

हिराजीशेठ नवी मुंबईतल्या करावे गावचे. घरची शेती आणि मिठागर सरकारनं घेतलं, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग झाली. खाली दोन गाळे. एकात शेठचा व्हिडिओ स्टुडिओ, दुसऱ्यात त्यांचे थोरले भाऊ बाळारामदादा यांचं हार्डवेअरचं दुकान. रस्त्याकडचा गाळा कुणाला यावरून दोघांत वाजलं आणि बोलणं बंद झालं, ते बंदच. मधे नुसती विटांची भिंत.

मी नेरूळला नव्यानं राहायला आलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, म्हणून एडिटिंगला लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मला दोन नोकऱ्या आहेत. दादा दुकानातून येऊन स्टुडिओच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि मला म्हणायचे, ‘बाय, त्याला सांग, आवाज कमी कर.’ तो ‘त्याला’ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा. शेठ म्हणायचे, ‘त्याला सांग, करतो.’ आणि खरंच लगेच आवाज कमी करायचे. गिऱ्हाईकानं आवाज कमी करायला सांगितला तर मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

*

आता आमच्या धंद्यातली गंमत. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या शॉटवर क्लिक केलं की स्पीडची एक छोटी चौकट उघडायची. त्यात शंभर म्हणजे जसं शूट केलं तसं. पन्नास केलं की स्लो मोशन, दोनशे केलं की माणसं दुडूदुडू पळायला लागायची. इतकं सोपं.

मी चुलत बहिणीच्या साखरपुड्याला गेले होते, तेव्हा शेठ स्वतः मशीनवर बसले. साताऱ्याकडच्या एका रिटायर्ड मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. वरमाला स्लो करायची होती. शेठचा हिशोब असा, की जास्त नंबर म्हणजे जास्त स्लो. त्यांनी तीनशे टाकलं, आणि पुढे मन भरलं नाही म्हणून सगळे विधी त्याच मापात बसवले. पुन्हा चालवून न बघताच डिलिव्हरी करून मोकळे.

मास्तर दुसऱ्या दिवशी हजर. नवरानवरी एकमेकांना हार घालत नव्हते, खुंटीला टोप्या अडकवाव्यात तसे फेकत होते. सप्तपदीत तर नवरा नवरीला घेऊन पळतोय असंच वाटत होतं.

शेठ म्हणाले, ‘मास्तर, कसा फास्ट हाय ना एकदम?’

मास्तर शांतपणे म्हणाले, ‘आमचे भटजी खरंच इतके चपळ असते, तर मुहूर्त टळला नसता.’

*

स्लो करताना एक लफडं असायचं. चित्र स्लो केलं की आवाजही स्लो व्हायचा. त्यामुळे मूळ आवाज काढून वर सनईची कॅसेट लावायची, हा नियम. एकदा शेठनी सनई लावली नाही. वाशीच्या एका घरात सगळं गणगोत टीव्हीसमोर बसलं आणि मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा आवाज विहिरीत बसून राक्षसानं गायल्यासारखा. घरातली लहान मुलं रडायला लागली.

तक्रार आल्यावर शेठनी मला विचारलं, ‘यात बिघारला काय? देवाचा वाटतं ना?’

*

आता खरी गोष्ट. लग्नाच्या कॅसेटमधून कुणाला कापता येत नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण सगळी नवी मुंबई तो पाळते. नातेवाईक कॅसेट बघतात ती स्वतःला बघायला. नवरी दिसली नाही तरी चालेल, आत्याबाई दिसल्या पाहिजेत. आणि नको असलेलं माणूस तर प्रत्येक घरात एक असतंच.

सानपाड्याच्या एक वरमाय आल्या, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाल्या, ‘आमच्या जाऊबाईंना ठेवा हं. पण लवकर जाऊ देत.’

मी जाऊबाईंना चारशेवर टाकलं. त्या स्टेजवर चढल्या, आहेर दिला, फोटो काढला, उतरल्या, पंगतीत वाढलं, पुन्हा चढल्या. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर सगळं खलास. वरमाय खूश झाल्या आणि कॅसेट घेऊन गेल्या.

पुढे कळलं की जाऊबाईंनी त्या कॅसेटची कॉपी करून घेतली. येईल त्याला लावून दाखवायच्या आणि म्हणायच्या, ‘बघा, अख्ख्या लग्नात धावपळ कोण करतंय ते. बाकीच्या नुसत्या मिरवतायत.’

*

अशा गोष्टी लपत नाहीत. कुणाला स्लो ठेवलं आणि कुणाला पळवलं, यावरून माणसाची घरातली किंमत कळते, असं सोसायट्यांमध्ये झालं. लोक लग्नाच्या आधीच येऊन विचारायला लागले, ‘आम्हाला किती टक्क्यांवर ठेवताय?’ साड्यांवरून, नारळांवरून रुसणारी माणसं आता टक्क्यांवरून रुसायला लागली.

एका लग्नात नवऱ्या मुलाचे मेहुणे होते, रबाळ्याला कंपनीत साहेब. त्यांनी बजावलं, ‘माझी एण्ट्री चाळीसवर.’ हे नवरीच्या मामांना कळलं. त्यांनी पस्तीस मागितलं. मग काका, मग आत्याचे यजमान, मग सोसायटीचे सेक्रेटरी. शेठ कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. सगळी मंडळी चंद्रावर चालल्यासारखी हॉलमध्ये शिरत होती. शिरता शिरता कॅसेट संपली, आणि पाठवणी राहूनच गेली.

सासूबाई कॅसेट परत घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘यात तर ही माहेरातच बसलीय. मग माझ्या घरी रोज सकाळी उशिरापर्यंत कोण झोपतं?’

*

आणि मग शेठच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं.

शेठनी भावाकडे पत्रिका पाठवली, ती माझ्याच हातून. दादांनी ती घेतली, गल्ल्यात ठेवली आणि मला खिळ्यांचा भाव सांगितला. येणार की नाही, ते बोलले नाहीत. हळदीच्या दिवशी शेठ दर थोड्या वेळानं मांडवाच्या तोंडाशी जाऊन यायचे. विचारलं तर म्हणायचे, ‘लाइट बगतंय.’

दादा हळदीला आले नाहीत. लग्नाला आले, तेही मांडवाच्या बाहेर. चपला न काढता उभे राहिले, अक्षता पडल्या तेव्हा लांबूनच मूठभर टाकल्या, आणि न जेवता गेले. शेठ तेव्हा मुलीच्या मागे उभे होते, त्यांना दिसलंच नाही. आमच्या कॅमेरावाल्यानं तेवढं टिपलं होतं.

पुढे एडिटिंगला तो शॉट आला तेव्हा स्टुडिओत शेठचे चार मित्र बसले होते. शेठ जोरात म्हणाले, ‘आला होता होय? चारशेवर टाक त्याला. जेवला पन नाय.’ मित्र हसले. मी चारशे टाकलं. दादा आले कधी आणि गेले कधी, कळलंसुद्धा नाही.

मित्र गेल्यावर शेठनी खुर्ची जवळ ओढली. अगदी त्या सानपाड्याच्या वरमायेसारखी.

‘बाय, जरा शंबर कर.’

केलं.

‘पन्नास.’

केलं.

‘धा.’

दहावर चित्र अडखळत चालतं, चांगलं दिसत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. दादांची मूठ वर जायला लागली, ती जातच राहिली. एकेक अक्षता सुटताना दिसत होती.

‘याच्या खाली काय हाय?’

‘एक टक्का. पण मग तो फोटोच होईल, शेठ.’

‘मंग धा राऊ दे,’ ते म्हणाले आणि बराच वेळ नाक शिंकरत बसले. मला हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही.

कॅसेट बिल्डिंगसमोर पडदा लावून अख्ख्या गावाला दाखवली. वरच्या गॅलरीत दादांच्या घरची मंडळी उभी होती. दादा दिसले नाहीत. पडद्यावर मात्र ते इतका वेळ होते की नवऱ्या मुलाच्या बापानं मला विचारलं, ‘हे कोण? मंत्री आहेत का?’

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आले. नेहमीसारखे उंबऱ्यापाशी थांबले, मग चपला काढल्या आणि आत आले. मी सवयीनं निरोप घ्यायला मान वर केली. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

‘काय रं हिऱ्या,’ ते म्हणाले, ‘मना इतका हलू कशाला केलास? सगला गाव इचारतंय, दादाला लकवा झाला का म्हून.’

शेठ स्क्रीनकडेच बघत राहिले. हातातला माऊस उगाच इकडेतिकडे फिरवला.

‘धाकटीच्या हलदीला येलेवर ये,’ ते म्हणाले. ‘आनि जेवून जा. मंग शंबरवर ठेवीन.’