प्लगासाठी अकोल्याला

फोटो वाढदिवसाचा होता. माझा मेव्हणा दिलीप अमरावतीला राहतो. त्याच्या प्रशांत नावाच्या मित्राच्या मुलाचा पहिला वाढदिवस अकोल्याच्या घरी साजरा झाला आणि दिलीपने त्याचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. केक, केकमागे घाबरलेलं बाळ, बाळामागे आजी. सगळ्यांनी बाळाचं कौतुक केलं. मी मात्र फोटो मोठा करत करत आजीच्या खांद्यापर्यंत गेलो, तिथून भिंतीपर्यंत, आणि खुर्चीतून ताडकन उठलो. भिंतीवरच्या लाकडी बोर्डात पांढऱ्या चिनी मातीचा, कडेला पाकळ्यांची नक्षी असलेला एक प्लग खोचलेला होता.

मी जुने प्लग जमवतो. विजेचे, घरगुती. पुण्यात माझं चष्म्याचं दुकान आहे, संसार सुरळीत आहे, रक्तदाब आटोक्यात आहे, आणि तरीही माझ्या कपाटात काळे, तपकिरी, गोल, चौकोनी, दोन पिनांचे, तीन पिनांचे, बल्बच्या होल्डरमध्ये बसणारे असे प्लग ओळीने मांडलेले आहेत. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. त्यांच्याकडे पाहुणे आले की ते संग्रह दाखवतात. माझ्याकडे आलेले पाहुणे तो पाहिल्यावर चहाचं विचारतात.

"मे महिन्यात अकोल्याला माणसं जात नाहीत, तिथून निघतात," बायको म्हणाली. ती अमरावतीचीच, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. मी तिकीट काढलेलं आहे हे सांगितल्यावर तिने भावासाठी आंबे बांधून दिले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला गाडी सकाळी लागली. स्टेशनाबाहेर दिलीप स्कूटर घेऊन उभा होता. त्याने आधी आंब्यांची पेटी घेतली, मग मला.

"भाऊजी, खरं सांगा," वाटेत तो म्हणाला. "डॉक्टरले दाखवाले तर नाही ना आले? आमी घाबरून राहिलो होतो घरी."

"अरे, प्लगसाठीच आलोय."

"पुण्यात प्लग नाही भेटत?"

"तसला नाही."

"हाव," तो म्हणाला. हाव म्हणजे हो, पण वऱ्हाडात ते किती तऱ्हांनी म्हणता येतं हे मला त्या एका शब्दात कळलं.

राजापेठेत क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या दुचाकींतून वाट काढत त्याने मला एका टपरीवर नेलं. तिथला गिलावडा (दही-चटणीत बुडवलेला वडा) खाताना मी दोन वेळा डोळे मिटले. पुढे आलूपोहे आले. दुकानदाराने विचारलं, "सांबार टाकू?" मी म्हणालो, भरपूर टाका, पण वेगळ्या वाटीत द्या. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि वाटीभर चिरलेली कोथिंबीर माझ्यासमोर ठेवली. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. बायकोशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला हे माहीत नव्हतं. मी आपला मान राखायला ती सगळी खाल्ली.

अकोल्याला दुसऱ्या दिवशी जायचं होतं. तो दिवस रिकामा होता म्हणून दिलीपने मला चांदूर बाजारला नेलं. तिथे त्याच्या ओळखीचे हनीफभाई मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देतात. मी काय शोधतो हे ऐकल्यावर ते आत गेले आणि एक पोतं ओढत घेऊन आले. त्यात लग्नांत, सभांत, उरुसांत जळलेले असंख्य प्लग होते.

"इसमें से जो चाहिए वो ले जाओ साहब," ते म्हणाले. "पण एक सांगा. याचं तुमी करता काय?"

"ठेवतो."

"ठेवून?"

"बघतो."

हनीफभाईंनी दिलीपकडे पाहिलं. दिलीपने आभाळाकडे पाहिलं. मग हनीफभाईंनी मोठ्या प्रेमाने माझ्यासाठी उसाचा रस मागवला आणि बसायला सावलीतली खुर्ची दिली. आजारी माणसाशी जसं वागावं तसं ते माझ्याशी वागले. मी तपकिरी रंगाचे काही प्लग निवडले. निघताना ते दिलीपला हळूच म्हणाले, "इनको धूप में ज्यादा मत घुमाओ."

अकोल्याची बस मूर्तिजापूरवरून गेली. खिडकीतून वारा येत होता, पण तो वारा कुणीतरी आधी तव्यावर टाकून घेतला होता. काळ्या रानात नांगरट झालेली, झाडं लांब लांब, आणि रस्त्याच्या कडेला गुरं निंबाच्या (कडुनिंबाच्या) सावलीत अंग चोरून उभी. मी डोक्याला दुपट्टा (उपरणं) गुंडाळून बसलो होतो. दिलीपने तो असा बांधला होता की फक्त माझा चष्मा बाहेर राहिला होता.

प्रशांतच्या आईवडिलांचं घर जुन्या वस्तीत, एका अरुंद गल्लीत होतं. वडील नामदेवराव वानखडे पोस्टातून निवृत्त झालेले. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती, आणि ते पुढच्या खोलीत पलंगावर पडून होते. पलंगाशेजारी खिडकीत कूलर घरघरत होता. शांताबाईंनी, म्हणजे फोटोतल्या आजींनी, आम्हाला गुळाचं पन्हं दिलं. कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती, पुढे ताजी फुलं. आणि कोनाड्याखाली बोर्डात तो होता. कूलर त्याच्यावरच चालत होता.

मी पन्ह्याचा पेला हातात धरून उभाच राहिलो.

"बसा नं," शांताबाई म्हणाल्या.

"हे पाहुने त्याच्यासाठी आले," नामदेवराव झोपल्या झोपल्या हसत म्हणाले. त्यांना प्रशांतने फोनवर सांगितलं होतं. "पाहा, पाहा. हात लावून पाहा."

मी पिशवीतून पुण्याहून आणलेला नवाकोरा प्लग काढला, चकचकीत डबीसकट. म्हणालो, हा घ्या, शिवाय तुम्ही म्हणाल ते देईन, आणि तो जुना मला द्या. जुना तसाही धोक्याचा आहे. हे शेवटचं वाक्य मी नेहमी वापरतो. समोरच्याला वाटतं, हा माणूस आपलं भलं करायला आलाय.

नामदेवरावांनी एकदा कोनाड्याखालच्या बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पैसे काही नको. तुमी एवढ्या दुरून आले. घेऊन जा."

शांताबाई पेले उचलून आत गेल्या.

दिलीप म्हणाला, "भाऊजी, वायरमनले बोलावू." मी म्हणालो, एवढ्याशा कामाला वायरमन कशाला? आज विचार केला तर कळतं की मी हे वाक्य आयुष्यात प्रथमच बोललो होतो. माझ्या घरी बल्बही बायको बदलते. पण ज्याच्या कपाटात इतके प्लग आहेत त्याला प्लग बदलता येत नाही, हे त्या खोलीत कबूल करणं मला जमलं नाही.

कूलर बंद केला. चिनी मातीचा प्लग वायरीपासून सोडवून मी खिशात टाकला. नवा प्लग जोडला. तो बोर्डात खोचला तर सैल! जुन्या बोर्डाची भोकं मोठी होती, जुन्या जाड पिनांसाठीची. इतकी वर्षं मी प्लग जमवले, पण ते कशात बसतात याचा विचार मला कधी शिवला नव्हता. मी काड्यापेटी मागितली, पिनांच्या बाजूला काड्या खुपसल्या, वायर जरा वाकवली आणि बटण दाबलं.

निळा उजेड झाला, फट् असा आवाज झाला आणि मी दिलीपच्या अंगावर जाऊन पडलो. कूलरच्या जुन्या कापडी वायरचं आवरण आतून भुगा झालेलं होतं, हे नंतर कळलं. बाहेर सगळ्या घरांतले कूलर घरघरत थांबले. गल्लीत इतकी शांतता पसरली की कुणाच्या तरी घरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं.

मग दारं उघडली.

"लाइन कोनाची गेली?"

"सगळ्यायची गेली."

"काहून (का) गेली?"

"वानखड्याकडे पुण्याचे पाहुने आले, त्यायनं काहीतरी केलं."

"अस्सं!" समोरची बाई म्हणाली, आणि त्यात सगळ्या गल्लीचं समाधान झालं.

दिलीप कुणाची तरी स्कूटर घेऊन वायरमनला शोधायला गेला. पाचेक मिनिटांत खोली भट्टीसारखी तापायला लागली. नामदेवरावांच्या कपाळावर घाम आला, मग गळ्यावर. त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं. त्यांचा श्वास भरभर व्हायला लागला. शांताबाईंनी ओला पंचा त्यांच्या छातीवर ठेवला, आतून शिंदीच्या पानांचा पंखा आणला आणि माझ्या हातात दिला.

मी वारा घालू लागलो. आधी जोरात, मग दमून हळू.

"एका हातानं नका करू," नामदेवराव डोळे मिटून म्हणाले. "हात बदलत जा. मले माहीत हाये."

मी हात बदलला. शांताबाई पंचा पुन्हा भिजवायला न्हाणीकडे गेल्या.

"प्रशांतच्या टायमाले असाच मे महिना होता," ते म्हणाले. "हिचं बाळंतपन घरीच. ताप भरला होता हिले. घरात पंखा नाही. मी असाच बसून वारा घालून राहिलो, चार दिवस. पोस्टात गेलोच नाही. मंग एका बंगल्यातलं जुनं सामान विकाले निघालं, तिथून टेबलफॅन आनला. जड, लोखंडी. त्याच्यासंगं हा प्लग आन हा बोर्ड आला. पंखा लावला आन ही झोपली. पोरगं बी झोपलं. मी बाहेर जाऊन रडलो."

मी हात चालवत राहिलो.

"पंखा गेला मंग. पन प्लग काही खराब होईना. तो कूलरले लावला."

"मग मला का देऊ केलात तुम्ही?"

"तुमी पुन्याहून आले," ते म्हणाले. जणू एवढं कारण पुरेसं होतं. "नाही कसं म्हनाव?"

माझ्या खिशात तो प्लग मांडीला टोचत होता. मला त्या क्षणी कुणी लहान मुलाच्या हातातला खाऊ काढून घेताना पकडलं असतं, तरी इतकं ओशाळं वाटलं नसतं. धोक्याचा म्हणे! त्या घरात त्या दिवशी धोक्याची वस्तू एकच होती आणि ती पंखा हलवत होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेजारच्या बायका येऊन नामदेवरावांना बघून गेल्या, मलाही बघून गेल्या. एकीने मला मीठ-साखरेचं पाणी दिलं. शेवटी वीज कंपनीचा लाइनमन आला, त्याने खांबावरचा फ्यूज बसवला आणि गल्लीतले कूलर एकदम घरघरले. दिलीपने आणलेल्या वायरमनने आमची जळकी वायर काढून नवी टाकली. मग विचारलं, "हा नवा प्लग ह्या बोर्डात नाही बसत. बोर्ड नवा टाकू का जुना प्लग लावू?"

"बोर्ड टाक नवा," नामदेवराव म्हणाले. "तो प्लग पाहुन्याले देल्ला."

"कोनं देल्ला?"

शांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा झाला होता.

"पंखा कोनासाठी आनला होता? माह्यासाठी नं? मंग तुमी दोघं देनं-घेनं करून राहिले, मले कोनी विचारलं?"

मी खिशातून प्लग काढला आणि शांताबाईंकडे गेलो. माझ्या हातून घेताना त्यांनी तो पदराने पुसला, माझा घाम लागला होता म्हणून, आणि वायरमनच्या हातात दिला. तो तिन्ही पिनांसकट बोर्डात असा बसला की नुसता आवाज ऐकूनच मला कळलं, त्याची जागा तीच. कूलर सुरू झाला. वाळ्याचा गार वास खोलीभर पसरला आणि नामदेवराव थोड्याच वेळात घोरू लागले.

मला वाटलं, आता आपल्याला निघायला सांगतील. त्याऐवजी शांताबाईंनी ताटं वाढली. पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि भाकरी. रस्सा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दिलीपला वाटलं, मला पश्चात्ताप झालाय. दोन्ही खरं होतं, म्हणून मी खुलासा केला नाही.

"अजून घ्या," शांताबाई म्हणाल्या. "हात चालवला तुमी चांगला."

निघताना मी वाकून नमस्कार केला. म्हणालो, माझं चुकलं, तुम्हाला विचारायला हवं होतं.

"हाव," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यापर्यंत आल्या. "पुढच्या खेपेले घरच्याईले घेऊन या. पन काही न्यायले नका येऊ. नुसते या."

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून परतीच्या गाडीत बसलो तेव्हा उजव्या तळहातावर दोन फोड आले होते, पंख्याच्या दांड्याचे. समोरच्या बाकावरच्या माणसाने विचारलं, हाताला काय झालं? मी सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्या प्लगाच्या पाकळ्या किती होत्या, रंग नक्की कसा होता, मागे कुठला छाप होता, यातलं काहीच मी नीट पाहिलेलं नाही. पण नामदेवरावांच्या कपाळावरचा घाम कुठून कुठे उतरत होता, ते मला नेमकं सांगता येत होतं. आजवर मी ज्या ज्या गावी गेलो, तिथल्या भिंती पाहून आलो होतो. या वेळी पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडे राहणाऱ्या माणसांना भेटून परत चाललो होतो, आणि तेही माझ्या शहाणपणामुळे नाही, गल्लीची वीज घालवल्यामुळे.

"मग मिळाला का प्लग?" त्या माणसाने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "अकोल्याला. चालू आहे."